दिव्याची काटकसर : डहाणू-तलासरी परिसरातील वाचन आणि उजेड

वाचनाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ, मुद्रणालये, शाळा आणि ग्रंथालये ह्यांचा विचार करतो. परंतु वाचणाऱ्याच्या पुढ्यात जो उजेड असावा लागतो त्याचा विचार सहसा करीत नाही. दिवस मोलमजुरीत जातो अशा समाजात वाचन हे प्रायः रात्रीचे कृत्य होय, आणि रात्रीच्या प्रत्येक पानाला कोणीतरी उजेडाचे मोल चुकविलेले असते. हे मोल पूर्वी तेलाच्या रूपाने द्यावे लागे; आज ते भ्रमणध्वनीच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या मोबाईलच्या, बॅटरीच्या रूपाने द्यावे लागते. मोबाईलवर वाचताना बॅटरी कशी पुरवावी हा प्रश्न वरकरणी यंत्रविद्येचा वाटतो. परंतु पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी ह्या दोन तालुक्यांपुरते पाहिले तर त्याला बरीच जुनी परंपरा आहे, असे माझे मत झाले आहे. प्रस्तुत लेखात त्या परंपरेचा मागोवा घेण्याचा यत्न आहे. लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे शब्दांकडे थोडे अधिक लक्ष गेले, तर वाचकांनी ते क्षम्य मानावे.

प्रथम प्रदेशाविषयी दोन शब्द. १९६० च्या मे महिन्यात द्विभाषिक राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीचा मुलूख महाराष्ट्रात राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा निराळा जिल्हा झाला. पश्चिमेस समुद्रकाठची बागायत, चिकूच्या वाड्या, पारशी व गुजराती वस्ती. पूर्वेस डोंगर, जंगल आणि विखुरलेले पाडे. वस्ती बहुतांशी वारल्यांची. त्यांच्याबरोबर कोकणा, दुबळा, कातकरी इत्यादी जमाती. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या खंडात, वारली बोलीची दखल घेतलेली आहे. ह्या बोलीला स्वतःची लिखित परंपरा नव्हती. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु उजेडाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय होतो हे कोणी पाहिलेले नाही.

मौखिक परंपरेला दिवा लागत नाही. कहाणी अंधारात सांगता येते, किंबहुना अंधारातच ती चांगली रंगते. लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते ती तिच्या स्मृतीत असतात. त्यासाठी तिला पोथी धरावी लागत नाही. घराच्या आतल्या, काहीशा अंधाऱ्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक गेरूच्या वा शेणाच्या पार्श्वभूमीवर पांढरा उठून दिसतो, तो मंद उजेडातही ओळखता येतो. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या के. जे. सावे ह्यांच्या 'द वारलीज' ह्या ग्रंथात ह्या समाजाच्या जीवनक्रमाचे सविस्तर वर्णन आहे. तो जीवनक्रम सूर्याबरोबर चालणारा होता, आणि त्यात काही न्यून होते असे मानण्याचे कारण नाही. न्यून उत्पन्न झाले ते कागद आल्यानंतर. सावकाराची वही, जमीनदाराचा करारनामा, जंगलखात्याची नोटीस ह्या वस्तू अंधारात वाचता येत नाहीत, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याला त्या उजेडातही वाचता येत नाहीत.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीविषयी सरकारला अहवाल सादर केला. वेठबिगार, कर्जापायी आयुष्यभर राबणारे 'लग्नगडी', आणि न वाचलेल्या दस्तऐवजांवर उमटलेले अंगठे ह्यांचा तो काळ होता. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रकमेपोटी नवराबायको दोघेही सावकाराकडे बांधले जात. त्या रकमेतून किती फिटले, किती उरले, हे सावकाराची वही सांगत असे, आणि वही सावकारच वाचत असे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथून परतलेल्या वारल्यांमुळे आणि शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या प्रयत्नांमुळे त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे मोठी सभा झाली. सुमारे ५,००० लोक जमले असे सांगतात. एवढे लोक जमले ते एखादे पत्रक वाचून नव्हेत. निरोप तोंडोतोंडी गेला. हेच बळ पुढे ऑक्टोबर महिन्यात एका ठिकाणी घातक ठरले. गोदावरीबाईंनी आपल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्या काळाची हकिकत दिली आहे. तलवाडा येथे त्या येणार असल्याचा खोटा निरोप पसरविण्यात आला, त्यावर विश्वासून हजारो लोक जमले, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. तोंडी निरोपाची खातरजमा करावयास कागद नसतो. ह्या घटनेतून साक्षरतेची महती सांगणे सोपे आहे, परंतु ते अपुरे होईल. लेखी निरोपही खोटा असू शकतो, हे आपण आजच्या काळात रोज पाहतो. मात्र लेखी निरोप पुन्हा पाहता येतो, दुसऱ्याला दाखविता येतो. अट एवढीच की पाहण्यापुरता उजेड जवळ असला पाहिजे.

आता दिव्याकडे वळू. घासलेट येण्यापूर्वी ह्या भागात उजेडाची साधने म्हणजे चुलीतला जाळ, टेंभा, आणि तिळाच्या, करंजीच्या किंवा मोहाच्या बियांच्या तेलाचा दिवा. खाद्य तेल दिव्यात जाळणे ही गरिबाच्या घरी चैनच होती. गुजरातेतून आलेला लोहमार्ग १८६४ मध्ये मुंबईला भिडला आणि डहाणू त्या मार्गावर आले. पुढील दशकांत परदेशी खनिज तेलाचे डबे किनाऱ्यावरून आणि लोहमार्गाने आतल्या बाजारपेठांत पोचले असावेत, असा तर्क करण्यास हरकत नाही. ह्या तेलाला मराठीने दोन नावे दिली, आणि दोन्ही इंग्रजी शब्दांची मोडतोड करून दिली. 'रॉकेल' हे खडकातील तेल अशा अर्थाच्या इंग्रजी नावापासून आले. 'घासलेट' हे गॅसलाइटपासून. मौज अशी की गॅसलाइट हे तेलाचे नाव नव्हतेच, ते एका प्रकारच्या दिव्याचे नाव होते. मराठी माणसाने दिव्याचे नाव तेलाला दिले, कारण ते तेल दिव्यासाठीच घरात येत असे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तेव्हा हे तेल बाजारात आलेलेच नसल्यामुळे हे शब्द त्या कोशात असणे शक्य नव्हते.

दिव्याची इतर नावेही अशीच प्रवासी आहेत. 'कंदील' अरबीतून आला, आणि अरबीत तो मेणबत्तीवाचक लॅटिन शब्दापासून गेला. 'मशाल'ही अरबीच. 'बत्ती'चे मूळ संस्कृत वर्तीत आहे. 'चिमणी' ह्या शब्दाने तर पक्षी आणि काचेची नळी ह्यांचा असा काही संकर केला आहे की लहान मुलाला त्यात कोडे वाटावे. कंदील घराघरांत पोचविण्याचे श्रेय देताना महाराष्ट्राने ओगलेवाडीचे स्मरण ठेवले पाहिजे. १९१६ साली स्थापन झालेल्या ओगले काचकारखान्याचा 'प्रभाकर कंदील' हा स्वदेशीच्या काळातील मराठी घराचा सोबती होता. गावातील भजनाला किंवा लग्नाला गॅसबत्ती भाड्याने आणीत. अभ्यासाला मात्र कंदील किंवा चिमणी.

ह्या दिव्यांभोवती काटकसरीचे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले होते, आणि ते भाषेत उतरले होते. वात सारणे, वात खाली करणे, काजळी झाडणे, काच राखेने पुसणे, तेल बेताने घालणे, निजताना दिवा बारीक करून ठेवणे. ही सर्व क्रियापदे एकाच हेतूने बांधलेली आहेत. काच स्वच्छ असली की कमी वातीत तेवढाच उजेड पडतो, हे ज्ञान घरातील बायकांना प्रयोगशाळेविना झालेले होते. 'दिवा विझला' असे म्हणणे अशुभ. म्हणून दिवा शांत करावयाचा, मालवावयाचा, किंवा त्याला निरोप द्यावयाचा. नगरपालिकेच्या कंदिलाखाली अभ्यास केल्याची कथा मराठी चरित्रांत इतक्या वेळा येते की तिचा आता कंटाळा यावा. परंतु त्या कथेत एक गोष्ट गृहीत आहे, ती ही की रस्त्यावर सार्वजनिक दिवा आहे. तलासरीच्या पाड्यावर तो नव्हता. तेथील मुलाला फुकटचा उजेड एकच, सूर्याचा.

हे ज्यांनी नीट ओळखले त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई त्याच वेळी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळेत मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, ह्या विचारातून अंगणवाडी निघाली आणि तिचे नाव पुढे देशभर झाले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने कुरणशाळेचे महत्त्व अधिक आहे. आदिवासी मुले दिवसभर गुरे राखतात, म्हणून ती शाळेत येत नाहीत. तेव्हा गुरे चरतात तेथेच, झाडाखाली, शाळा भरवावी. शिक्षणशास्त्रज्ञांनी ह्या प्रयोगाचे वर्णन मुलांच्या जीवनाशी शिक्षणाची सांगड घालणारा प्रयोग म्हणून केले आहे, आणि ते यथार्थ आहे. त्यात मी एवढीच भर घालीन की ही शाळा सूर्यप्रकाशात भरत असल्यामुळे तिला तेलाचा खर्च नव्हता. प्रौढ साक्षरतेच्या प्रयत्नांत नेमके उलट घडले. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम असो, की २ ऑक्टोबर १९७८ रोजी आरंभ झालेला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम असो, प्रौढांना वेळ रात्री मिळणार, आणि रात्रीच्या वर्गाला कंदील व तेल हवे. दिवसभर राबून आलेला माणूस धुरकट उजेडात बाराखडी गिरवीत बसे. तेल संपले की वर्ग संपे. अशा वर्गांचे यशापयश मोजताना पाठ्यपुस्तकांची चर्चा झाली, शिक्षकांची झाली. दिव्याची क्वचितच झाली.

विजेचा इतिहास ह्या भागात विचित्र आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आला; आणि त्याच डहाणूत, खाडीकाठी, ५०० मेगावॉट क्षमतेचे कोळशावरील औष्णिक वीजकेंद्र उभे राहून १९९५ मध्ये चालू झाले. त्यावरील न्यायालयीन वादाचा हा लेख नव्हे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, एवढे सांगितले की पुरे. ही वीज मुख्यतः मुंबईच्या उपनगरांसाठी होती. तालुक्याच्या पूर्वेकडील अनेक पाड्यांत त्यानंतरही कित्येक वर्षे विजेचा दिवा लागला नव्हता. २००५ नंतरच्या ग्रामीण विद्युतीकरण योजनांनी आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या 'सौभाग्य' योजनेने तारा पुष्कळ दूरवर गेल्या. पण तार पोचणे आणि वीज असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात फांदी पडली की पाडा दिवसचे दिवस अंधारात राहतो. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यात वीजपुरवठा विस्कळीत झाला होता.

विजेला मराठी बोलीने 'लाईट' म्हटले, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुर्लक्षू नये. 'लाईट गेली' असे आपण म्हणतो तेव्हा पंखा, दळणाची गिरणी आणि पाण्याचा पंप हे सर्व बंद पडलेले असतात. तरी शब्द उजेडाचाच. घासलेटच्या बाबतीत दिव्याचे नाव इंधनाला मिळाले होते, येथे उजेडाचे नाव शक्तीला मिळाले. आता मोबाईलच्या संदर्भात तिसरा शब्द रूढ झाला आहे, तो 'चार्जिंग'. इंग्रजीत तो क्रियेचा वाचक. मराठीत तो साठ्याचा वाचक झाला. 'चार्जिंग किती आहे?', 'चार्जिंग उतरले', 'थोडे चार्जिंग ठेव' ही वाक्ये 'तेल किती आहे?', 'तेल संपले', 'थोडे तेल ठेव' ह्या साच्यातून निघालेली आहेत. साठा भांड्यात असतो आणि तो वापराने उतरतो, ही जुनी कल्पना नव्या शब्दात जशीच्या तशी बसली. 'बॅटरी' हा शब्द तर मराठीत आधी हातातल्या विजेरीचे नाव म्हणून आला. त्याचे मूळ तोफांच्या रांगेत आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ च्या सुमारास विद्युत् साठविणाऱ्या काचपात्रांच्या रांगेला ते नाव दिले. तोफखान्यापासून कंदिलापर्यंत आणि तेथून खिशापर्यंत आलेला हा शब्द आहे.

आणखी एक. 'वाचणे' ह्या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत, ग्रंथ वाचणे आणि जीव वाचणे. जुन्या लेखनपद्धतीत दुसऱ्या अर्थी 'वांचणे' असा अनुस्वार देत, आणि मोल्सवर्थने ते भिन्न शब्द म्हणूनच नोंदले आहेत. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन्ही रूपे लिहिण्यातही एक झाली. 'वाचनासाठी बॅटरी वाचविणे' ह्या वाक्प्रयोगात दोन परके धातू शेजारी येऊन बसतात ते त्यामुळे. असो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी हे गाव त्यामुळे सर्वत्र माहीत झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ परिमाणाचा होता. भिंतींना तडे गेले, आणि थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर, तंबूत किंवा उघड्यावर, निजू लागले. अशा रात्री मोबाईल हाच दिवा, तोच निरोप्या, आणि शिकणाऱ्या मुलांपुरते बोलावयाचे तर तेच पुस्तक. एका भांड्यातले तेल तिघांनी वाटून घ्यावे तशी ही स्थिती. मार्च २०२० नंतर साथीमुळे शाळा व महाविद्यालये बंद झाली, तेव्हा तिचीच मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती झाली. बालभारतीची पुस्तके विद्युत्-प्रतींच्या रूपात होती, २०१७ पासून 'दीक्षा' हे व्यासपीठ होते. घरात फोन मात्र एक, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, आणि संध्याकाळी तो परत येई तेव्हा चार्जिंग तळाशी गेलेले.

येथे जुन्या आणि नव्या काटकसरीतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण अनेकदा त्यांची गल्लत होते. एक लिटर घासलेटमध्ये सुमारे १० युनिट एवढी ऊर्जा असते. चिमणीत तिचा अत्यल्प अंश उजेड होतो, बाकी उष्णता आणि काजळी. उलट, ५,००० मिलीअँपिअर-तासांच्या मोबाईलच्या बॅटरीत जेमतेम १९ वॉट-तास मावतात. म्हणजे एका युनिट विजेत, गळती धरूनही, ती चाळीसेक वेळा भरता येईल. चार्जिंगला पैसा जवळजवळ पडतच नाही. तेलाची काटकसर ही किमतीची काटकसर होती; बॅटरीची काटकसर ही खात्रीच्या अभावाची काटकसर आहे. पुन्हा केव्हा भरता येईल हे ठाऊक नसते, म्हणून जपावे लागते. ज्याच्या भिंतीत रात्रंदिवस वीज आहे त्याला ही जपणूक चिक्कूपणाची वाटते. मुंबईत बसून लिहिलेल्या सूचना म्हणूनच पाड्यावर पुष्कळदा निरुपयोगी ठरतात.

उदाहरण घेऊ. वाचताना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवावीत, म्हणजे बॅटरी पुरते, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो अर्धा खरा आहे. ज्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, त्यात काळा बिंदू म्हणजे विझलेला बिंदू, म्हणून तेथे बचत होते. परंतु स्वस्त फोनांत पुष्कळदा दुसऱ्या जातीचा पडदा असतो. त्यात मागे एक दिवा सतत पेटलेला राहतो आणि काळे अक्षर वा काळी पाटी म्हणजे त्या दिव्यापुढे धरलेला पडदाच. तेथे पार्श्वभूमी काळी केल्याने काही साधत नाही. पहिल्या जातीच्या पडद्यावरही अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात असे आढळले की पडद्याची दीप्ती ३० ते ५० टक्के असताना ह्या युक्तीने सरासरी ३ ते ९ टक्केच ऊर्जा वाचते. दीप्ती पूर्ण असेल तरच ही बचत ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत जाते. तात्पर्य, दीप्ती कमी करणे, म्हणजे आजीच्या भाषेत वात खाली करणे, हाच उपाय दोन्ही जातींना लागू पडतो.

दुसरा खर्च उजेडाचा नव्हेच. तो संपर्काचा आहे. मनोऱ्यापासून दूर, डोंगराच्या आड, फोनला क्षीण लहरी मिळतात. तेव्हा तो अधिक जोर लावून मनोऱ्याशी बोलतो आणि मधूनमधून मनोरा शोधत राहतो. खिशात पडलेल्या फोनची बॅटरी पाड्यावर शहरापेक्षा लवकर उतरते ती पुष्कळदा ह्यामुळे. मजकूर आधी उतरवून घेऊन, संपर्क बंद करून, म्हणजे एअरप्लेन मोड लावून वाचणे हा त्यावर उपाय. तलासरीच्या बाजारात किंवा महाविद्यालयाच्या आवारात उतरवून घ्यावे आणि घरी वाचावे, हा क्रम तेथील विद्यार्थ्यांनी कोणी न शिकविता बसविलेला आहे. बाजाराच्या दिवशी तेलाची बाटली भरून न्यावी त्यातलाच हा प्रकार. बॅटरी जुनी झाली की तिचा साठाच आक्रसतो, आणि ह्या विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा दुसऱ्याने वापरलेला फोन असतो, हेही ध्यानात ठेवावे.

आयआयटी मुंबईने २०१४ पासून राबविलेल्या सौर अभ्यासदिव्यांच्या योजनेत महाराष्ट्रासह काही राज्यांतील खेड्यांत विद्यार्थ्यांना स्वस्तात दिवे मिळाले, आणि ते जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे काम स्थानिक लोकांना शिकविण्यात आले. दुरुस्तीची व्यवस्था गावातच असणे, हा त्या योजनेतील विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. परंतु असा दिवा छापील पुस्तकाला उजेड देतो. छापील पुस्तकच नसेल आणि मजकूर फोनमध्ये असेल, तर दिवा असूनही वाचन फोनच्या साठ्यावरच अवलंबून राहते.

ह्या ठिकाणी विषय आपल्या विभागांच्या दारात येतो. आपण पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वाचावयास जे देतो ते कोणत्या रूपात देतो? बहुधा जुन्या ग्रंथाच्या पानांची छायाचित्रे एकत्र बांधून देतो. अशा प्रतीत अक्षर नसते, अक्षराचे चित्र असते. ती आकाराने प्रचंड असते, उतरवून घेण्यास वेळ लागतो, आणि लहान पडद्यावर प्रत्येक ओळ मोठी करून, डावीउजवीकडे सरकवून वाचावी लागते. त्यामुळे एका पानाला दुप्पट वेळ पडदा पेटलेला राहतो. पान पिवळट असल्यामुळे अंधुक दीप्तीत ते वाचता येत नाही, म्हणून वात वर करावी लागते. शोधावयाचा शब्द शोधता येत नाही. हाच मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित असेल तर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ओळ आपोआप मोडते, पार्श्वभूमी बदलता येते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रचलित संकेतनात तीन बाइट घेते, म्हणजे रोमन अक्षराच्या तिप्पट. ह्याची तक्रार मीही पूर्वी केली आहे. परंतु चित्राच्या तुलनेत ते काहीच नव्हे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी बोलीविज्ञानाच्या तासासाठी मी ४० पानांचा एक जुना लेख छायाचित्रित करून विद्यार्थ्यांस पाठविला. फाइल सुमारे ३० मेगाबाइटची झाली. ठरल्या दिवशी तलासरीकडील एका विद्यार्थ्याला मी लेखाच्या उत्तरार्धाविषयी प्रश्न विचारला. तो गप्प राहिला, आणि मी वर्गादेखत वाचनाच्या सवयीवर चार वाक्ये बोललो. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, बाविसाव्या पानापर्यंत झालं होतं. मग चार्जिंग गेलं, आणि आमच्याकडे दोन दिवस लाईट नव्हती." पहिल्या बावीस पानांवर त्याने वहीत काढलेली टिपणे त्याने मला दाखविली. वर्गातील कोणत्याही विद्यार्थ्याच्या टिपणांपेक्षा ती बारकाईची होती. पान सारखे मोठे करून ओळ न् ओळ सरकवीत वाचावी लागल्यामुळेही असेल. वारली बोलीतील दोन रूपांविषयी मूळ लेखकाची चूकही त्याने नोंदली होती, आणि ती मला पंधरा वर्षांत दिसली नव्हती.

तो लेख नंतर आम्ही दोघांनी मिळून टंकलिखित केला. सुट्टीचे सहा दिवस लागले. जोडाक्षरे आणि अर्धस्वरांच्या खुणा ह्यांनी पुष्कळ छळले. तयार झालेली फाइल २६० किलोबाइटची, म्हणजे पहिलीच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान आहे. त्या दोन रूपांखाली त्याची टीप घातली आहे.